प्रश्नानंतरचे तीन सेकंद

तीनशेहून अधिक ध्वनिफिती, आणि प्रत्येकीवर प्राथमिक शाळेतला विज्ञानाचा तास. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या टीचर्स कॉलेजमध्ये मेरी बड रो नावाच्या प्राध्यापिका या फिती ऐकत होत्या. शहरातल्या शाळा, उपनगरातल्या शाळा, खेड्यातल्या शाळा. ऐकू येत होतं ते जवळजवळ सगळीकडे सारखंच होतं, आणि ते काळजी वाटावी असं होतं.

या फितींमागे एका देशाची मोठी धडपड उभी होती. १९५७ साली सोव्हिएत संघाने स्पुटनिक अवकाशात सोडला आणि आपण विज्ञानात मागे पडलो या धास्तीने अमेरिका खडबडून जागी झाली. नामवंत शास्त्रज्ञ शाळेच्या पुस्तकांकडे वळले. बर्कलीत रॉबर्ट कारप्लस या भौतिकशास्त्रज्ञाने लहान मुलांसाठी हाताने करून पाहण्याच्या विज्ञानाचा एक संपूर्ण अभ्यासक्रम उभा केला. मुलांनी वस्तू हाताळाव्यात, अंदाज बांधावेत, एकमेकांशी वाद घालावा, पुरावा मागावा, ही त्यामागची कल्पना होती. शिक्षकांची प्रशिक्षणं झाली. साहित्य वर्गावर्गात पोचलं.

फितींवर मात्र वाद नव्हता, अंदाज नव्हते, मुलांचे प्रश्न तर जवळजवळ नव्हतेच. शिक्षक प्रश्न विचारत, मूल एक-दोन शब्दांत उत्तर देई, शिक्षक ‘छान’ म्हणत आणि पुढचा प्रश्न टाकत. मूल अडखळलं की तोच प्रश्न शेजारच्याकडे जाई. टेबलावर साहित्य नवं होतं, वर्गातलं बोलणं जुन्या घोकंपट्टीचंच राहिलं होतं. इतकी तयारी करूनही असं का व्हावं, हे कोडं रोबाईंपुढे होतं.

बाकाच्या दोन्ही बाजू पाहिलेली बाई

रोबाईंना वर्ग आतून माहीत होता. १९२५ साली न्यू जर्सी राज्यात त्यांचा जन्म झाला. मॉन्टक्लेअरच्या शिक्षक महाविद्यालयातून १९४७ साली त्यांनी जीवशास्त्राची पदवी घेतली, शाळेत विज्ञान शिकवलं, मधल्या काळात बर्कलीतून प्राणिशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केलं. स्टॅनफर्ड विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना मिळाली ती १९६४ साली, वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर. संशोधनाकडे त्या वळल्या त्या वर्गातले प्रश्न बरोबर घेऊनच.

त्यांच्या शाळकरी वयातली एक आठवण त्या पुढे सांगत असत. प्रिन्स्टनमध्ये एक वयस्कर गृहस्थ कारंज्याकडे टक लावून, डोळ्यांपुढे बोटं भराभर हलवत उभे होते. कुतूहलाने ती मुलगी जवळ गेली. बोटं ठरावीक वेगाने हलली की पाण्याची सलग दिसणारी धार तुटते आणि सुटे थेंब दिसू लागतात, हे त्या गृहस्थांनी तिला करून दाखवलं. ते अल्बर्ट आइनस्टाइन होते. सलग वाटणाऱ्या प्रवाहात काहीतरी सुटं, मोजता येण्याजोगं असतं, ते पाहण्याची युक्ती शोधावी लागते, हा धडा त्या मुलीला फार लवकर मिळाला. वर्गातलं बोलणंही असंच सलग वाहत होतं.

तीन वेगळ्या फिती

कोड्याची सोपी उत्तरं हाताशी होती. शिक्षकांना विषय नीट कळला नसेल. प्रश्नच बाळबोध असतील. गरीब वस्त्यांतली मुलं बोलकी नसतील. शेवटचं उत्तर तर जगभरच्या शिक्षक-खोल्यांमध्ये रोज दिलं जातं. पण सुखवस्तू उपनगरांतल्या फितीही तितक्याच कोरड्या होत्या, आणि चांगला प्रश्न विचारल्यावरही उत्तर तुटपुंजंच येत होतं.

मग त्या ढिगात काही निराळं सापडलं. मोजक्या, अवघ्या तीन वर्गांमधली मुलं खरोखर बोलत होती. ‘कदाचित असं असेल’ म्हणत होती. एकमेकांची चूक दाखवत होती, दुसरा खुलासा सुचवत होती, प्रयोग पुन्हा करून पाहू म्हणत होती. साहित्य तेच, अभ्यासक्रमही तोच. फरक कुठे होता?

प्रश्नांच्या शब्दांत तो सापडेना. तेव्हा रोबाईंनी शब्द बाजूला ठेवले आणि शब्दांच्या मधल्या जागेकडे लक्ष वळवलं. त्यासाठी आवाजाची कागदावर रेघ काढणारं यंत्र वापरलं. फीत लावली की बोलणं चालू असताना लेखणी वरखाली हलते, आणि कोणी बोलत नसेल तेव्हा रेघ सपाट जाते. कागद ठरलेल्या वेगाने सरकत असल्यामुळे सपाट रेघेची लांबी मोजली की शांततेची वेळ कळते.

कागदावर जे उमटलं, ते फिती ऐकताना कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. शिक्षकाने प्रश्न विचारल्यापासून मुलाने उत्तराला सुरुवात करेपर्यंत शिक्षक सरासरी फक्त १ सेकंद थांबत होते. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते प्रश्न पुन्हा विचारत, बदलून विचारत किंवा दुसऱ्या मुलाला उठवत. मुलाचं उत्तर संपलंसं वाटल्यापासून शिक्षकाने पुन्हा तोंड उघडेपर्यंतचा वेळ त्याहूनही कमी होता: ०.९ सेकंद. आणि त्या तीन निराळ्या वर्गांत? तिथली सरासरी ३ सेकंदांच्या आसपास होती.

एवढाच तो फरक. ना नवं पुस्तक, ना महागडं साहित्य. तिथले शिक्षक थांबत होते.

मुलाचं वाक्य कुठे संपतं

दुसरा थांबा, म्हणजे मुलाच्या उत्तरानंतरचा, रोबाईंना जास्त महत्त्वाचा वाटला. त्याचं कारण मुलांच्या बोलण्याच्या घडणीत होतं. मूल जेव्हा खरोखर विचार करून काही समजावून सांगतं, तेव्हा ते सलग बोलत नाही. एक तुकडा बोलतं, थांबतं, मग दुसरा तुकडा बोलतं. या दोन तुकड्यांमध्ये ३ ते ५ सेकंदांची फट सहज पडते. पहिल्या तुकड्यात बहुधा काय दिसलं ते असतं, आणि ‘कारण’ त्यानंतर येतं. ०.९ सेकंदात ‘शाब्बास’ म्हणणारा शिक्षक बरोबर त्या फटीत शिरतो. मुलाचं निम्मं वाक्य ऐकून तो खूश होतो, आणि ज्या अर्ध्यात विचार होता तो अर्धा कधीच बोलला जात नाही.

घाईच्या वर्गाची आणखी एक खूण फितींवर होती. मुलांची उत्तरं प्रश्नासारखी वर चढत संपत होती, जणू ती विचारत होती, ‘हेच हवंय ना?’ जिथे शाबासकीचा सतत वर्षाव असे, तिथे मुलांचे डोळे समोरच्या प्रयोगावरून उठून शिक्षकांच्या चेहऱ्याकडे वळत. झाडाला पाणी कुठून मिळतं हे झाडाकडे बघून ठरवायचं असतं, पण मुलं ते बाईंच्या भुवया बघून ठरवू लागली होती.

आपल्या नशिबावर आपली किती सत्ता आहे, याबद्दलची मुलाची धारणा इथेच घडते, असं रोबाईंचं म्हणणं होतं. काही मुलं जगाकडे फासे टाकणाऱ्याच्या नजरेने पाहतात: दान पडलं तर पडलं, आपल्या हातात काही नाही. काही मुलं चेंडू सोडून समोरच्या बाहुल्या पाडणाऱ्या खेळाडूसारखी असतात: नेम चुकला तर पुढच्या वेळी हात बदलून पाहू. उत्तर बरोबर की चूक हे ज्या वर्गात एका सेकंदात, बाहेरून, कारण न कळता ठरतं, तो वर्ग मुलांना फाशांवर विश्वास ठेवायला शिकवतो.

पाच आणि पाच

इथपर्यंतचा शोध शिकवण्याच्या पद्धतीचा होता. पुढच्या पायरीवर तो न्यायाचा झाला.

शिक्षकांना आपल्या वर्गातली सगळ्यात हुशार ५ मुलं आणि सगळ्यात कच्ची ५ मुलं निवडायला सांगितलं गेलं. मग त्याच शिक्षकांच्या तासांतला थांबण्याचा वेळ मूलवार मोजला. हुशार ठरवलेल्या मुलांसाठी शिक्षक जवळजवळ २ सेकंद थांबत होते. कच्च्या ठरवलेल्या मुलांसाठी थांबत होते ०.९ सेकंद.

ज्याला वेळ जास्त लागतो त्याला वेळ निम्माच मिळत होता. हे कोणी ठरवून करत नव्हतं. फितींवरचे शिक्षक दुष्ट नव्हते, बहुतेक तर मनापासून शिकवणारे होते. कच्चं मूल गप्प राहिलं की त्याची लाज वाचावी म्हणून ते चटकन दुसऱ्याकडे वळत. हुशार मूल गप्प राहिलं तर मात्र ते विचार करतंय असं त्यांना वाटे आणि ते वाट बघत. त्या शांततेचा अर्थ मुलाच्या नावावरून आधीच ठरलेला असे. कच्च्या मुलांना शाबासकीही कमी मिळत नव्हती, उलट जास्त मिळत होती. पण ती इतकी सैल होती, चुकीच्या उत्तरालाही इतकी सहज मिळत होती, की आपलं नेमकं काय बरोबर आलं हे त्या मुलाला कळायला मार्गच उरत नव्हता.

त्याच काळात, १९७० साली, रे रिस्ट या समाजशास्त्रज्ञाने सेंट लुइस शहरातल्या एका बालवर्गाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळा सुरू होऊन आठच दिवस झाले असताना मुलांची तीन टेबलांवर वाटणी झाली होती, आणि कोण कोणत्या टेबलावर बसणार हे मुलांच्या कपड्यांवरून, बोलीवरून, घरच्या परिस्थितीवरून ठरलं होतं. पुढच्या इयत्तांतही ही उतरंड टिकून राहिली. रिस्ट यांनी वर्गात बसून जे डोळ्यांनी पाहिलं, ते रोबाईंनी सेकंदांत मोजून ठेवलं.

थांबायला शिकणं

शोध पुरा व्हायला एक गोष्ट बाकी होती. त्या तीन वर्गांतली मुलं बोलत होती ती शिक्षक थांबत होते म्हणून, की मुलंच बोलकी होती म्हणून शिक्षकांना थांबणं जमत होतं? हे तपासायचा मार्ग एकच: इतर शिक्षकांना थांबायला शिकवायचं आणि काय होतं ते पाहायचं.

तीन सेकंद थांबणं ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण वर्गासमोर उभं राहिल्यावर ते भलतेच लांबतात. छाती धडधडते, मुलं काय म्हणतील, वर्ग हातातून जाईल, असं वाटतं. शिवाय सवयी आड येतात. मुलाचं उत्तर आपणच मोठ्याने पुन्हा म्हणायचं, ही बहुतेक शिक्षकांची सवय. त्यामुळे मुलं एकमेकांचं ऐकायचं सोडून देतात, कारण बाई पुन्हा सांगणारच असतात. ‘हो, पण’ म्हणून उत्तराला वळण द्यायचं, ‘विचार कर, विचार कर’ म्हणून विचारात व्यत्यय आणायचा, ही तशीच आणखी दोन वळणं. शिक्षकांनी आपलेच तास ऐकले, लहान गटांवर सराव केला, एकेक सवय ओळखून सोडली.

मग फिती पुन्हा भरल्या. नऊशेहून अधिक फितींचं विश्लेषण झालं. थांबण्याची सरासरी ३ ते ५ सेकंदांवर गेली त्या वर्गांत मुलांच्या उत्तरांची लांबी वाढली, रोबाईंच्या नंतरच्या मांडणीनुसार ३०० ते ७०० टक्क्यांनी. न विचारता दिलेली पण विषयाला धरून असलेली उत्तरं वाढली. उत्तरच न येण्याचे प्रसंग घटले. वर चढणारे, विचारल्यासारखे स्वर कमी झाले. अंदाज बांधणं वाढलं, पुरावा आणि निष्कर्ष एकत्र सांगणं वाढलं. मुलं एकमेकांशी बोलू लागली, स्वतः प्रश्न विचारू लागली, प्रयोग सुचवू लागली. शिस्तीसाठी ओरडण्याची गरज कमी झाली. आणि ज्यांना ‘मंद’ म्हटलं जाई, त्या मुलांचा सहभाग वाढला.

शिक्षकही बदलले. त्यांचे प्रश्न कमी झाले आणि चांगले झाले, कारण मुलाचं म्हणणं पूर्ण ऐकल्यावर पुढचा प्रश्न त्या म्हणण्यातूनच निघू लागला. सगळ्यात मोलाचा बदल अपेक्षांमध्ये झाला. ज्या मुलांकडून शिक्षकांनी काही धरलंच नव्हतं, ती बोलू लागल्यावर त्यांच्याबद्दलचं मत बदलावं लागलं. एक चक्र उलटं फिरलं: थांबल्यामुळे मूल बोललं, ते बोललं म्हणून शिक्षकाचा विश्वास बसला, आणि विश्वास बसला म्हणून पुढच्या वेळी थांबणं सोपं गेलं.

१९६९ सालच्या एका छोट्या लेखात रोबाईंनी या शोधाची पहिली चाहूल दिली. १९७२ साली त्यांनी शिकागोच्या परिषदेत तो मांडला, आणि १९७४ साली विज्ञान शिक्षणाच्या संशोधन-पत्रिकेत दोन भागांत सविस्तर प्रसिद्ध केला. नंतर इतरांनी तो पारखला. ऑस्ट्रेलियातले केनेथ टोबिन हेही आधी शाळामास्तर, मग पीएच.डी.चे संशोधक. त्यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वर्गांत ही गोष्ट तपासली आणि १९८७ साली तोवरच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला. थांबण्याचा फायदा खरा निघाला, त्याची मर्यादाही कळली. ‘सात आठे किती’ यासाठी तीन सेकंद थांबून काही हाती लागत नाही. प्रश्नातच विचाराला जागा असावी लागते, आणि शिक्षकाच्या चेहऱ्यावर धाक असेल तर कितीही लांब शांतता मुलाला बोलतं करत नाही. पुढे फ्लोरिडा विद्यापीठात आणि अखेरीस स्टॅनफर्डमध्ये काम करत, अमेरिकेतल्या विज्ञान शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपद भूषवून, रोबाई १९९६ साली निवर्तल्या.

फलटणमधली दुसरी संशोधक

रोबाई न्यूयॉर्कमध्ये शांतता मोजत होत्या, त्याच वर्षांत आणखी एक अमेरिकन शिक्षिका सातारा जिल्ह्यातल्या फलटणमध्ये माणसांचं बोलणं टिपत होती. मॅक्सीन बर्नसन १९६१ साली भारतात आल्या, हैदराबादमध्ये त्यांनी इंग्रजी शिकवलं आणि मग पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पीएच.डी.साठी फलटण गाठलं. विषय होता फलटणच्या बोलीतले सामाजिक भेद: एकाच गावात वेगवेगळ्या थरांतली माणसं मराठी कशी वेगवेगळी बोलतात. प्रबंध १९७३ साली पूर्ण झाला. प्रबंध झाला की संशोधक परत जातात. मॅक्सीन फलटणमध्येच राहिल्या आणि पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं.

कारण बोलीचा अभ्यास करताना त्यांना शाळा दिसली होती. मंगळवार पेठेतली दलित मुलं शाळेत जात होती, वरच्या वर्गात ढकलली जात होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना वाचता येत नव्हतं. घरात आणि गल्लीत ती धडाधड मराठी बोलत, पण पुस्तकातली मराठी त्यांना परक्यासारखी होती, आणि त्यांच्या तोंडची मराठी वर्गात अशुद्ध ठरत होती. मॅक्सीन यांनी या मुलांसाठी वर्ग सुरू केले. प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा सुरू झाली. वाचायला शिकवण्याची एक पद्धत तिथे घडत गेली. आधी सगळी मुळाक्षरं पाठ आणि मग शब्द, असं न करता मोजकी अक्षरं आणि मात्रा घेऊन पहिल्यापासून अर्थाचे शब्द वाचायचे, आणि जोडीला मुलांनी आपल्या भाषेत भरपूर बोलायचं, आपल्या मनातलं लिहायचं. गावभरची मुलं ज्यांना मॅक्सीन मावशी म्हणतात, त्यांचं संशोधन असं शाळेच्या रूपाने उभं आहे.

मुंबईतही त्याच सुमारास एक तपास चालू होता. १९७४ साली स्थापन झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात व्ही. जी. कुलकर्णी आणि व्ही. जी. गंभीर यांनी महापालिकेच्या शाळांतली मुलं विज्ञानात मागे का पडतात याचा शोध घेतला आणि पाठ्यपुस्तकाच्या भाषेपाशी येऊन थांबले. मजकूर तोच ठेवून भाषा मुलांच्या आवाक्यात आणली की मुलांची समज सुधारत होती. अडसर बुद्धीत नव्हता.

न्यूयॉर्क, फलटण, मुंबई. तिन्हीकडे संशोधकांची पावलं एकाच जागी पोचली. मूल गप्प आहे म्हणजे त्याला येत नाही, हे गृहीतक तिन्हीकडे कोसळलं.

रायपूरचं गणित

तेच गृहीतक समोर ठेवून आता छत्तीसगडमधल्या रायपूरच्या एका सरकारी शाळेचा विचार करा. मूल बीरगावच्या कामगार वस्तीतलं, घरी छत्तीसगढी बोलणारं. बाई हिंदीत विचारतात, ओला कपडा लवकर कुठे वाळेल आणि का? मुलाला उत्तर माहीत आहे, रोज डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पण त्याच्या मनात ‘घाम म’, म्हणजे उन्हात, उमटतं, ते ‘धूप में’ करायचं असतं, मग ‘का’चं उत्तर हिंदी वाक्यात बसवायचं असतं. प्रश्न समजून घेणं, उत्तर शोधणं, ते दुसऱ्या भाषेत मांडणं आणि हसू होणार नाही ना हे पाहणं, एवढं सगळं त्याला एका सेकंदात उरकायचं आहे. हिंदी घरातल्या शेजाऱ्याला यातली निम्मीच कामं आहेत, आणि बाईंचं त्याच्याविषयीचं मत चांगलं असेल तर वेळ दुप्पट आहे.

रोबाईंचा १ सेकंद आणि मॅक्सीन मावशींची बोली इथे एकत्र येतात. भाषेचं ओझं जितकं जास्त, तितका थांब्याचा अभाव जास्त महाग पडतो. छत्तीसगडमध्ये हे ओझं थोड्यांचं नाही. २०११ च्या जनगणनेत १ कोटी ६० लाखांहून अधिक लोकांनी आपली मातृभाषा छत्तीसगढी नोंदवली. दक्षिणेला बस्तरमध्ये हलबी आणि गोंडी, उत्तरेला सरगुजिया आणि कुडुख. २८ नोव्हेंबर २००७ रोजी विधानसभेने छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा देणारं विधेयक मंजूर केलं. पहिलीत येणाऱ्या मुलांच्या घरच्या भाषांचं सर्वेक्षणही राज्याने केलं. कागदावर मुलाची भाषा मान्य झाली आहे. वर्गात ती मान्य होते का, हे बाईंच्या प्रश्नानंतरच्या शांततेत ठरतं.

रायपूरच्या तात्यापारा भागातल्या आणि शहरभर पसरलेल्या मराठी घरांना ही कसरत अनोळखी नाही. घरात मराठी, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगढी, असं इथल्या मराठी मुलांचं बालपण पिढ्यान्‌पिढ्या गेलं आहे. याच भूमीतून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ मासिक काढणाऱ्या माधवराव सप्र्यांनी टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. पण मराठी मुलाच्या पाठीशी छापलेली पुस्तकं आहेत, शिकलेले आईवडील आहेत. रोजंदारीवरच्या छत्तीसगढी कुटुंबातल्या मुलाच्या पाठीशी यातलं फारसं काही नाही. त्याच्याकडे फक्त त्याचा विचार आहे, आणि तो बोलायला त्याला काही क्षण लागतात.

म्हणून थांब्याबरोबर आणखी एक गोष्ट हवी: उत्तर पहिल्यांदा त्याच्या बोलीत आलं तरी ते उत्तर म्हणून स्वीकारणं. ‘घाम म’ हे विज्ञानाचं बरोबर उत्तर आहे. हिंदी शब्द नंतर, वर्गाच्या मदतीने, जोडता येतो. आधी विचार मोकळा होऊ द्यायचा आणि मग भाषा वाढवायची, हा क्रम उलटा केला तर दोन्ही हातची जातात.

हे करायला निधी लागत नाही, परिपत्रक लागत नाही. रोबाईंना ध्वनिफिती, आलेख काढणारं यंत्र आणि वर्षांचे कष्ट लागले. आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे. रायपूरच्या अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येक भावी शिक्षकाने आपला एक तास ध्वनिमुद्रित करावा, वर्गातली ५ आणि ५ नावं मनाशी लिहावीत आणि कोणाला किती सेकंद मिळाले ते मोजावं. पाठ-नियोजनाच्या वहीत उद्दिष्टांचे रकाने भरण्याइतकंच हे शिक्षक-प्रशिक्षणात सक्तीचं असायला हवं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याने मुलाला शाळेच्या दारातून आत आणलं. आत आल्यावर विचार करायला वेळ मिळण्याचा हक्क कुठल्याही कलमात नाही. तो रोज, प्रत्येक प्रश्नागणिक, शिक्षकाने द्यायचा असतो.

‘आमच्याकडची मुलंच तशी’ हे वाक्य आपल्या शाळांमध्ये फार वर्षं बिनदिक्कत वावरलं आहे. एका माजी शाळाशिक्षिकेने कागदावरच्या सपाट रेघा मोजून त्या वाक्याचा आधार काढून घेतला. मुलं तशी नव्हती, त्यांना वेळ तसा मिळत होता. आणि वेळ बदलला तेव्हा मुलं बदलली. जे मोजता येतं आणि बदलता येतं, त्याचं खापर मुलाच्या नशिबावर, जातीवर किंवा बोलीवर फोडण्याचा अधिकार त्यानंतर कोणत्याही शिक्षकाला उरलेला नाही.